येताना आपला उचलायचा

३ जानेवारी २०१९, पुणे

माझी मोटरसायकल अकोल्याहून टेम्पोतून सुखरूप पोचली, मागोमाग मीही. शिकले भूशास्त्र, नोकरी लागली खराडीत नकाशे रंगवायची. आईला सांगून टाकलं, पगार नकाशांचा, रविवार माझा! कर्वेनगरात कुसुमकाकूंकडे खोली घेतली आहे. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं की पाहुणे चालणार नाहीत, आणि गाडीचा आवाज शेजाऱ्यांना आवडत नाही; त्यांना स्वतःलाही आवडत नाही, पण तो मुद्दा वेगळा. मला बाई आवडल्या. खिडकीतून डोंगर दिसतो आणि पाय काही स्वस्थ बसत नाहीत.

६ जानेवारी, रविवार

सकाळीच कात्रजचा बोगदा ओलांडला. प्रत्येक वळणाला डोंगर उघडा पडायचा आणि लाव्ह्याचे थर दिसायचे, एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांसारखे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटून हे सगळं वाहत होतं! हेल्मेटच्या आत मी बेसूर गात होते. एकटीने फिरण्याचा हा फायदा.

घाट सुरू होतो त्या खिंडीत सरूबाईंची चहाची टपरी आहे. शेजारी शेंदूर फासलेली दगडांची रास. त्यांनी रीत सांगितली : घाट उतरणाऱ्याने जाताना एक दगड ठेवायचा, परत येताना आपला आपण उचलून दरीत टाकायचा. म्हणजे देवाला कळतं, माणूस परतलं. मग ही एवढी रास कुणाची, असं विचारलं तर त्यांनी कप विसळायला घेतले. विसळता विसळता म्हणाल्या, "माझा ल्योक जयसिंगबी फटफटीवरच गेला व्हता खाली."

हाताला आला तो दगड ठेवला आणि उतरले. परतले तेव्हा टपरी बंद होती. माझा दगड शोधायला वाकले तर तळाशी दुसराच चमकला : काळ्या पाषाणाच्या पोकळीत पांढऱ्या स्फटिकांचा झुबका. असला नमुना बघून भूशास्त्र शिकलेला माणूस हात आवरेल? माझा राहू दिला, हा पिशवीत टाकला. एक ठेवला, एक उचलला. देवाचं काय बिघडलं!

७ जानेवारी

काल घाटापासून गाडी जड ओढत होती, म्हणून मकसूदभाईंच्या गॅरेजात नेली. ते म्हणाले, गाडीत दोष नाही, पण मागे असा धिप्पाड माणूस बसवत असाल तर चाकात हवा जास्त भरा. मी एकटीच फिरते म्हटल्यावर माझ्या खांद्यामागे बघून हसले.

संध्याकाळी काकूंनी पाहुण्यांचा नियम पुन्हा ऐकवला. कोण पाहुणा, असं विचारलं तर म्हणाल्या, जिन्यावरचे चिखलाचे बूट निदान त्यांचे स्वतःचे तरी नाहीत.

खाली जाऊन पाहिलं. बूट नव्हते. चिखल होता.

९ जानेवारी

ऑफिसचं दार माझ्या कार्डाने उघडेना. काचेवर थापा मारल्या. कुणी वर बघितलं नाही.

घरी काकूंनी चहा शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. तिकडे बघून माझ्याबद्दल विचारत होत्या, हेमा कधी परतायची? मी समोर बसले होते. ओरडले. त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

आईला फोन केला. ती हॅलो हॅलो करत राहिली. मग बाबांना म्हणाली, पोरगी अजून घाटातच आहे वाटतं, आवाज येत नाही.

आई, मी आले गं. रविवारीच आले.

टेबलावर तो दगड आहे. खूप भीती वाटते आहे. माझा दगड तिथेच राहिला, म्हणजे मी परतलेच नाही. आणि ज्याचा उचलून आणला, तो —

१० जानेवारी

निघाले. याचा परत ठेवायचा, माझा उचलायचा. एवढंच.

कात्रजच्या पुढे कमरेला हात. गार. मागे बघत नाही.

खिंडीत

सरूबाई धावत आल्या — माझ्याकडे नाही. "आलास व्हय रं, जयसिंगा!" रडताहेत. मी दगड राशीवर ठेवला. त्यांनी तो उचलला, छातीशी धरला, आणि दरीत फेकून दिला.

पडल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

माझा शोधते आहे. सगळे काळे, सगळा एकच लाव्हा. थरांचं वय सांगता येतं मला, पण माझा दगड — बघितलाच नव्हता ठेवताना —

गाडी सुरू झाली. माझी गाडी. माझंच हेल्मेट, त्याच्या धिप्पाड खांद्यांवर. पुण्याच्या दिशेने —

फोन वाजतोय. आई. हॅलो हॅलो करतेय. आई, इथेच —

मी एकटी नाही इथे. राशीभोवती न परतलेले सगळे बसलेत. उचलतात, बघतात, ठेवतात. शेजारच्याने एक पुढे केला, हा का, विचारतोय. हा — कोपरा तुटलेला — हाच, नाही, माझा त