आठवा मसुदा

७ नोव्हेंबर १९५५, सोमवार

ही तिसरी रोजनिशी. पहिल्या दोन फाडल्या. एकीत पहिल्याच पानावर शाई सांडली, दुसरीत अक्षर तिरकं गेलं. ही फाडायची नाही! निदान दिवाळीपर्यंत तरी.

सातवीच्या एकेचाळीस वह्या तपासून मान आखडली. निबंध — 'आमची चाळ'. बहुतेकींच्या चार-पाच ओळी. सुभद्रा सावंतच्या तर तीनच : 'आमची चाळ मोठी आहे. ती स्वछ आहे. मला ती आवडते.' हीच पोरगी मधल्या सुट्टीत नळावरचं भांडण सांगते तेव्हा मीसुद्धा दाराशी थबकते. प्रत्येक बाईचा आवाज वेगळा काढते! कागदावर मात्र मुकी. तीन ओळींतही एक चूक होतीच. तांबड्या पेन्सिलीने खाली लिहिलं — पुन्हा लिहा.

एकेचाळीस वह्यांखाली तेच लिहिलं.

१० नोव्हेंबर

उद्याच्या पाठाचं टाचण तीनदा काढलं. प्रस्तावना पाच मिनिटं, वाचन दहा, प्रश्न आठ... वर्गात गेल्यावर प्रस्तावनेतच घंटा होते. मग रडू येतं.

बाबा म्हणाले, "बेबी, ठाकूरद्वारहून रोज लालबागला जायला तुला कुणी जुंपलंय का? जमत नसेल तर सोडून दे." रागाने म्हणाले नाहीत, काळजीने म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

काल मोर्चावर झालेल्या गोळीबारामुळे गाव सुन्न. वर्गात निम्म्याच मुली. शिकवण्यात कुणाचं मन नव्हतं, म्हणून सुभद्राला सहज विचारलं, बोलतेस एवढी, मग लिहीत का नाहीस?

ती म्हणाली, "बाई, एक ओळ लिवली तर एक चूक. धा लिवल्या तर धा. तीनच बऱ्या."

वर्ग हसला. ती गंभीरच होती. तिने मला हिशेब समजावून सांगितला होता, बस्स.

दोन वर्षं मी या मुलींना काय शिकवलं? कमी लिहायला! प्रत्येक चूक खोडली की भाषा सुधारेल असं वाटलं होतं. भाषाच पळून गेली.

मला हे येत नाही. येत नसेल तर जागा अडवू नये. आजच राजीनामा लिहिते.

२३ नोव्हेंबर

पहिला मसुदा वाईट. फार रडका.

४ डिसेंबर

दुसरा, तिसरा. एक उद्धट, एक लांबलचक.

२९ डिसेंबर

सातवा. 'नम्र' हा शब्द दोनदा आलाय. असलं पत्र मोठ्या बाईंच्या टेबलावर कसं ठेवू? सातही पर्समध्ये घेऊन हिंडते आहे. श्याम म्हणतो, "ताई, तुला नोकरी सोडता येत नाही, कारण तुला अर्ज लिहिता येत नाही!" धाकट्या भावाला एवढं तोंड कुणी दिलं?

२१ जानेवारी १९५६, शनिवार

चार दिवस घरी नव्हते, वही नव्हती. आठवेल तसं लिहिते. खाडाखोड झाली तर होऊ दे.

मुंबई महाराष्ट्राला नाही हे सोमवारी रेडिओवर ऐकलं. मंगळवारी तरी मी हट्टाने शाळेत गेले. दुपारी ट्राम बंद, बस बंद, रस्त्यावर दगड आणि धूर. मुलींना घरी पोचवता पोचवता मीच अडकले. आमच्या शाळेच्या शिपाईण गंगुबाई माझा दंड धरून म्हणाल्या, "खंय जातास? माझ्याकडे चला." त्यांची खोली लालबागलाच, सुभद्राच्याच चाळीत. संचारबंदी लागली आणि मी तिथेच राहिले. एका खोलीत सात माणसं, मी आठवी. गोळ्यांचे आवाज येत होते. खूप भ्याले. हे लिहायला लाज कसली?

बुधवारी सकाळी गंगुबाई तांदळाचे घावणे करायला बसल्या. पहिला तव्याला चिकटला, चिंध्या झाल्या. त्यांनी तो खरवडून आपल्या ताटलीत टाकला आणि दुसरा घातला. दुसरा जाळीदार, अख्खा! गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. मला राहवेना. म्हटलं, तवा आधी नीट तापवला तर पहिलाही चांगला येईल.

"नाय येणा," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सां करतंय मी. पयलो चिकटतलोच. तेनाच तवो वाटेक येता. म्हणान तो माझो."

"वाईट नाही वाटत?"

"कित्याक? पोटात सगळे सारकेच."

आणि हसून पुढचा घातला. मी मात्र पिठाच्या भांड्याकडे बघत बसले. मी असते तर पहिला बिघडल्यावर पीठच ओतून दिलं असतं. पुन्हा भिजवलं असतं. आठजण उपाशी!

उठले, पर्समधून सातही मसुदे काढून त्यांच्या हातात दिले. म्हटलं, शेगडी पेटवायला घ्या. गंगुबाईंना वाचता येत नाही. त्यांनी कागद उलटसुलट पाहिले आणि फळीवर ठेवले. गेले एकदाचे!

त्या दुपारी गॅलरीत माझ्या वर्गातल्या नऊ मुली गोळा झाल्या. टाचण नाही, पुस्तक नाही, खडू नाही. काय करणार? म्हटलं, तुम्ही या चार दिवसांत काय पाहिलंत ते सांगा. दोन तास बोलत होत्या. सुभद्रा सगळ्यांत शेवटी बोलली, शेजारच्या लवूमामांबद्दल. त्यांच्या पायाला गोळी लागली आहे. मी म्हटलं, हे सगळं लिहून ठेवा, शाळा उघडली की मला द्या.

"चुका झाल्या तर?"

"होऊ देत," मी म्हटलं. हे माझ्याच तोंडून आलं!

आज श्याम चालत येऊन मला घरी घेऊन आला. आईने दारातच मिठी मारली.

३१ जानेवारी

शाळा पुन्हा सुरू. चाळीतल्या आठ मुलींनी निबंध दिले. नलूने दोन पानं लिहिली आहेत, शाईचे डाग आहेत, ओळी डोंगर चढतात. मी पेन्सिल पर्समध्येच ठेवली आणि आधी नुसतं वाचलं. वाचताना डोळे भरून आले. दोन वर्षांत मी वह्या 'तपासल्या', वाचल्या कधीच नव्हत्या.

सुभद्रा नाही आली. गंगुबाई म्हणाल्या, भेदरलेल्या आईने पोरांना घेऊन भाऊच्या धक्क्यावरून बोट धरली, गावी गेली. परत येतील का, कुणाला ठाऊक नाही. तिच्या बाकाकडे बघवत नाही.

१६ फेब्रुवारी

आता एका वहीत एकच खूण करते. एकच चूक, सगळ्यांत महत्त्वाची. टाचण अर्ध्या पानाचं, तेही एकदाच. चाळीस मिनिटांत जेवढं होतं तेवढं होतं. भूमितीत फळ्यावर चुकीचा कोन काढला. बेबी राणेने दाखवून दिला. (वर्गात माझीच नावबहीण आहे!) म्हटलं, चुकलं, पुसते. आभाळ कोसळलं नाही. उलट मागच्या बाकावरचे तीन हात पहिल्यांदा वर आले.

घरी गाणं गुणगुणत होते म्हणे. बाबा बघतच राहिले.

२ मार्च

सुभद्राचा पत्ता नाही.

९ मार्च, शुक्रवार

तपासणीला साहेब आले. वह्या चाळल्या. शेरा — 'चुका दुरुस्त केलेल्या नाहीत. शिक्षिकेचे काम ढिले.'

मुलींनी किती लिहिलंय ते मोजावंसंही त्यांना वाटलं नाही. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "सुमती, तुझ्या वह्या किती देखण्या असायच्या ग."

१२ मार्च

तीन दिवस विचार केला. साहेब बरोबर असतील तर? मी मुलींना सोडून दिलं आणि त्याला शिकवणं म्हणत बसले, असं असेल तर? घावण्याचं ठीक आहे, तो पोटात जातो. मुलीचं एक वर्ष पुन्हा कुठून आणायचं?

आठवा मसुदा लिहिला. एकटाकी. चार ओळी. कुठे बोट ठेवायला जागा नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी निर्दोष जमलं आणि ते हे!

उद्या चाचणीच्या गडबडीत नको. परवा देते.

१४ मार्च, बुधवार

सकाळी मोठ्या बाईंच्या दाराशी उभी होते, पत्र हातात. गंगुबाई धावत आल्या. सुभद्रा काल परत आली, दुपारी वर्गात येईल, हे आधी द्यायला सांगितलंय म्हणाल्या. दोऱ्याने शिवलेले सात कागद.

दाराशीच वाचले. लवूमामांची एक चप्पल रस्त्यात राहिली होती, ती तीन दिवस कुणी उचलली नाही, सगळे तिला वळसा घालून जात होते. मामा आता बरे आहेत, पण चप्पल पायात घालत नाहीत, खुंटीला लावलीय. बोटीत धाकटा भाऊ कसा ओकला. गावच्या शाळेत मुलींना कसं मागे बसवतात. सात पानं, चुकाच चुका!

मग कागद उलटले. मागे माझं अक्षर. 'माननीय मुख्याध्यापिका यांस...' सातच्या सात. गंगुबाई म्हणाल्या, "एका बाजून कोरो कागद कोण जाळता? पोरीक दिले लिवूक."

प्रत्येक पत्राखाली तांबड्या पेन्सिलीने, हुबेहूब माझ्या वळणात, एकच शेरा — पुन्हा लिहा.

आठवं पत्र गंगुबाईंना देऊन टाकलं. तेही एका बाजूने कोरं आहे.