होडीवाल्याचं गाणं आणि बाबांचा वस्तरा

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार मी घातलाय, आशीर्वादासाठी तू वाकू नकोस, गुडघा सांभाळ.) काकांचा खोकला गेला, की अजून पाहुण्यासारखा मुक्कामाला आहे? इकडे सगळं क्षेम आहे असं लिहिणार होते, पण पदवीधर झाल्यापासून मी खोटं लिहीत नाही. दुकान बसत चाललंय, आणि बसवणारी मी आहे.

बाबा दाढी करताना कायम एकच गाणं गुणगुणतात ते तुला माहीत आहे, लहानपणी तूच त्यांना शिकवलंस. ‘दोर सोड रे होडीवाल्या, पलीकडे दिवा लागला.’ गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लागला की यांच्या तोंडी होडी आलीच. आता घरातली पहिली पदवीधर मी, तीही साहित्याची. जन्मभर गायलेल्या गाण्याचा अर्थ बापाला ठाऊक नसावा, हे मला बघवेना. (शिक्षणाचा उपयोग घरापासून सुरू करावा असं माझं मत आहे. होतं.) एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना शेजारी बसवून समजावलं, की यातली होडी म्हणजे होडी नव्हेच, ते रूपक आहे. होडी म्हणजे देह, दोर म्हणजे संसाराची माया आणि पलीकडचा दिवा म्हणजे मरण. पण कवीला त्याची भीती नाही, त्याला ते प्रेमाचं बोलावणं वाटतं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, शिकल्याचं सार्थक झालं.

पण चांगली गोष्ट एकट्यानं ऐकून गप्प बसणं बाबांच्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवसापासून ते गाणंही म्हणतात आणि अर्थही सांगतात. कधी सांगतात? वस्तरा गळ्यापाशी आला की, कारण तिथे हात सावकाश चालवावा लागतो आणि बोलायला सवड मिळते. तूच विचार कर. पोस्टमन मान मागे टाकून, डोळे मिटून बसलाय, गळ्यावर गार पातं आहे, आणि वरून मायेचा आवाज येतो, ‘देह म्हणजे होडी हो. दोर कापला की सुटलो. घाबरायचं नाही, आमची मुलगी सांगते.’ (गाण्यात दोर सोडायचा आहे, कापायचा नाही. ती दुरुस्ती बाबांची.) पोस्टमनला अचानक टपाल आठवलं आणि तो अर्ध्या दाढीनिशी गेला. निवृत्त हेडमास्तरांनी दाढी वाढवायला घेतली आहे. शिंपी समोरच्या सलूनमध्ये जातो, तिथे नुसता टीव्ही असतो आणि कशालाच अर्थ नसतो.

मी बाबांना म्हटलं, गिऱ्हाइकांना अर्थ नका सांगू. तर म्हणाले, ‘मग शिकलीस कशाला, कपाटात ठेवायला?’ शेवटी मी अर्थच जरा उजेडाकडे सरकवला. म्हटलं, दिवा म्हणजे आशाही असू शकते, चांगल्या गाण्याला एकाहून जास्त अर्थ असतात. बाबा फार खूश झाले. आता ते दोन्ही सांगतात. गालावर आशेचा, गळ्यावर मरणाचा.

बाकी ठीक. आई तुझी रोज आठवण काढते.

तुझी भाची

ता. क. एवढं लांबण लावण्याचं कारण आता लिहिते. बाबा माझं ऐकत नाहीत, पण थोरल्या बहिणीपुढे त्यांचं काही चालत नाही. तू ये आणि सांग, की हे गाणं होडीचंच आहे, त्यात दुसरं काही नाही. माझं चुकलं असं मी तुझ्यासमोर कबूल करीन. (पटलेलं नसेल, पण करीन.)

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी आईनं पत्र वाचलं. ती म्हणते, गिऱ्हाइकं का जातात ते बाबांना पहिल्यापासून माहीत आहे, पोस्टमननं तोंडावर सांगितलंय. त्यावर बाबा त्याला म्हणाले, ‘दाढी काय, कुठेही होईल. हे सांगणारी पोर माझ्याच घरी आहे.’ तेव्हा माझं चुकलं असं त्यांच्यापुढे कुणीच म्हणायचं नाही, तूही नाही आणि मीही नाही. पण तू ये. येऊन त्यांना दुसरं एखादं गाणं शिकव, पाखराचं, पावसाचं, कसलंही.

फक्त ते आधी मला ऐकवू नकोस.