विहीर कोणाच्या नावानं?

अमरावती, सोमवार, संध्याकाळ

मृत्युपत्रासाठी वकिलांना आज घरीच बोलावलं. तिवस्याची संत्र्याची बाग दोन्ही पोरांना अर्धी-अर्धी वाटली आणि स्वतःवर खूश झालो. वकील म्हणाले, "काका, विहीर तं एकच आहे. ते कोणाले?"

बोंबला! विहीर माझ्या डोक्यातच कशी आली नाही? पोरं माना खाली घालून बसली, पण कान टवकारलेले. मला खरी काळजी आमच्या हिची. मी गेल्यावर हिला कोण विचारणार?

ही आतून म्हणाली, "विहीर माह्या नावानं करा. पाणी पाह्यजे असन तं दोघंही येतीन मायले विचाराले."

तसंच लिहिलं. वकील जाताच थोरल्यानं आईसाठी चहा टाकला, धाकट्यानं पंखा तिच्याकडे वळवला. मी अजून जिवंत आहे, हे कुणाच्या लक्षातच नाही.