सहीपुरता एक नातेवाईक मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
लोकसेवा धर्मादाय रुग्णालय,
भिवंडी, जि. ठाणे.

विषय : नातेवाईकाच्या रिकाम्या जागेवर तात्पुरती नेमणूक होणेबाबत, ते न जमल्यास निराधार दाखल्यात दुरुस्ती होणेबाबत.
संदर्भ : सिस्टरबाईंची कालची तोंडी ताकीद (सही आणा, नाहीतर खाट रिकामी करा).

महोदय,

अर्जदार केसरीनाथ पदू भोईर, वय ६१, पूर्वी कामतघर येथे यंत्रमागावर, हल्ली खाट नंबर नऊवर, सविनय सादर करतो की,

१. अर्जदाराच्या पोटात गाठ आहे व ती बरी होणारी नाही. डॉक्टरसाहेबांनी दोन वाटा दाखवल्या. पहिली : घरी राहायचे, मुंबईला जाऊन किरणांचा शेक घ्यायचा, इलाज चालू ठेवायचा आणि जोडीला दुखणे मारणारे औषध घ्यायचे. अशाने वर्ष-दीड वर्ष निघेल. दुसरी : इलाज बंद, मुंबईच्या सेवाश्रमात जायचे. तिथे शेवटपर्यंत दुखू देत नाहीत, अंगही पुसून देतात. अर्जदारास पहिली वाट पसंत पडली. परंतु औषध घरी न्यायला जबाबदार नातेवाईकाची सही लागते. सेवाश्रमाचे उलट आहे. ते ज्याला कोणीच नाही त्यालाच घेतात.

२. अर्जदाराची पत्नी मागेच वारली, मूलबाळ नाही. हे सांगताच सिस्टरबाई हसल्या. "काका, अख्ख्या वॉर्डात तुमच्याएवढा गोतावळा कुणाचा नाही. त्यातल्या एकाला सांगा की सही करायला!" बाईंनी जे पाहिले तेच त्या बोलल्या. त्यात त्यांचा दोष नाही.

३. खरा प्रकार असा. शेजारच्या दहा नंबरवर शेलार गावचा विठू होता, छातीचा दुखणेकरी. दर खाटेला भेटीचे दोन पास. त्याची माणसे टेम्पो भरून येत. त्याची बायको ठमाबाई अर्जदारास म्हणाली, "काका, तुमच्याकं तं कोनीच येत न्हाय. तुमचे पास आमाला द्या ना." अर्जदाराने दिले. पण पहारेकरी काळूराम नियमाचा पक्का. "नऊ का पास है ना? तो नऊ पे बैठने का!" त्यामुळे ती मंडळी अर्जदाराच्या खाटेवर बसत, तोंड विठूकडे आणि पाठ अर्जदाराकडे करून. बरेच दिवस अर्जदाराने फक्त पाठी पाहिल्या. त्याबद्दल तक्रार नाही. पुढे विठूची आई धोंडूबाई एकदा वळून बसली. "तू काय जेवलास रं? आनि ह्या केसांना कंगवा न्हाय का?" दुसऱ्या दिवसापासून अर्जदारास तांदळाची भाकरी आणि सुकट येऊ लागली. सुकट पथ्यात बसत नाही, हे अर्जदारास ठाऊक होते.

४. सिस्टरबाईंना तेव्हाच खरे सांगितले असते तर निराधार म्हणून अर्जदाराची काहीतरी सोय झाली असती, पण पास बंद झाले असते, आणि विठूचे दिवस भरत आले होते. म्हणून अर्जदार गप्प बसला. गुरुवारी विठू गेला. त्याला टेम्पोत घालून नेताना धोंडूबाई नऊ नंबरपाशी थांबली आणि "येते रं" म्हणाली. निघताना बायामाणसे रीतीने असेच म्हणतात. अर्जदाराने ते आश्वासन धरलेले नाही. त्यांच्या घरी सुतक आहे, कमावता माणूस गेला आहे. तिथे दुसऱ्या दुखणेकऱ्याची सही मागायला जाणे अर्जदारास जमणार नाही.

५. सबब विनंती की, सहीपुरता एक नातेवाईक रुग्णालयाने आपल्या नोकरवर्गातून नेमून द्यावा. शिपाई असला तरी चालेल. नाते कोणते ते रुग्णालयाने ठरवावे. अर्जदार वयाने मोठा असला तरी पुतण्या होण्यास तयार आहे. नेमलेल्या इसमाकडे सणासुदीला जाणे, रुसणे अगर वाटणी मागणे यांपैकी काहीही अर्जदार करणार नाही.

६. हे नियमात बसत नसल्यास अर्जदार सेवाश्रमात जाईल. परंतु कारकूनसाहेबांनी तयार केलेल्या दाखल्यात "सदर इसमास कोणी नाही व आजवर कोणी भेटीस आलेले नाही" असे लिहिले आहे. पासाची हकिगत आता कोणालाच नडत नाही म्हणून अर्जदाराने ती त्यांना सांगितली. ते म्हणाले, "काका, माणसं येत होती असं कळलं तर आश्रमवाले दारातूनच परत पाठवतील. कशाला पायावर धोंडा मारून घेता?" सल्ला भल्याचा आहे. तथापि त्या मजकुराखाली अर्जदारास अंगठा देता येत नाही. तरी "दिनांक ९ नोव्हेंबर, गुरुवारपासून कोणी नाही" एवढी दुरुस्ती व्हावी. त्यावरून आश्रमाने जागा नाकारली तरी अर्जदाराची हरकत नाही. त्याआधीचे दिवस मात्र दाखल्यातून कमी करू नयेत.

खाटेवरून हुकुमाची वाट पाहणारा, आपला नम्र,

केसरीनाथ पदू भोईर
(निशाणी डावा अंगठा)
भिवंडी, दि. १४ नोव्हेंबर १९७८