सुजाताच्या लॅपटॉपचं कार्ड

पुणे, रविवार संध्याकाळ

धाकटी बहीण सुजाता बुलढाण्याले घरांचे नकाशे काढायचं शिकते. तिच्यासाठी घ्यायच्या लॅपटॉपमध्ये कोणतं ग्राफिक्स कार्ड असावं, यातच माझा आठवडा गेला. दुकानदार म्हणे, गेमिंगचं घ्या, तिच्या कामाला पुरतं. मी सातवी शिकलेला, मले काय कळते? पण औंदा बोंडअळीनं कपाशी खाल्ली, अन् घरात गेमची वस्तू? बाबा तोंड फिरवतील. वर्कस्टेशनवालं घ्यावं, नावात काम तरी आहे.

हेच सांगाले आज फोन केला तर म्हणे, "दादा, कोणतंच नको. किडका कापूस वेचाले बाया येत नाहीत. मी कॉलेज सोडलं."

"अन् परवा मी तुले कार्डाचं विचारलं, तवा?"

"वावरातच होती, कमरेले कापूस वेचाची ओटी बांधून. तू एवढा खुशीत बोलून राह्यला होता, कसं सांगू?"