चौदा तारखेचे वेध

३ फेब्रुवारी, तात्यापारा, रायपूर

आले एकदाची. आईने बांधून दिलेल्या शेवया, कुरड्या आणि तिळाच्या लाडवांचं ओझं उचलताना स्टेशनवरचा हमालसुद्धा हसला. राधिका सातव्या महिन्याचं पोट पुढे करून न्यायला आली होती आणि वर मलाच दटावत होती की जड पिशवी उचलू नको, ताई. तोंडाने ताई म्हणते, पण धाकट्या बहिणीने मला मोठं म्हणून कधी मानलेलं नाही.

घर तिच्या सासूबाईंचं, प्रमोदिनीकाकूंचं. ही माणसं भोसल्यांच्या काळापासून इथली, तरी पंचांग अजून नागपूरहून मागवतात. काकू वाक्य मराठीत सुरू करतात, हिंदीत संपवतात आणि मध्ये मनाला येईल तिथे इथलं "हव", म्हणजे "हो", ठेवून देतात. राधिकाचा नवरा शिशिर रेल्वेत गार्ड आहे. दोन दिवस घरी, तीन दिवस गाडीवर. मला मागच्या बाजूची खोली दिली आहे. खिडकीत पेरूचं झाड आहे आणि पेरू पोपटांच्या मालकीचे आहेत.

उद्यापासून नोकरी. मी फार खूश आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, पुढे नोकरीला शिव्या घालीन तेव्हा कामाला येईल.

६ फेब्रुवारी

नवा रायपूरला बस तासाने एक. रस्ते इतके रुंद की काल एक कुत्रा ओलांडायला निघाला आणि मध्येच विचार करायला बसला. आमचं तारांगण अजून उघडायचं आहे. घुमट तयार आहे, पण आतल्या खुर्च्या प्लास्टिकमध्येच गुंडाळलेल्या. चौकशी कक्षाचा फोन मात्र सुरू झाला आहे, आणि तो उचलणारी मी, मीनल, एम.एस्सी. भौतिकशास्त्र.

फोनला कारण असं की, जगातल्या मोठ्या दुर्बिणी चालवणाऱ्या मंडळाने परवा दोन ओळींचं पत्रक काढलं. एक शोध लागला आहे, तपासून झाला आहे, आणि चौदा फेब्रुवारीला आपल्याकडच्या सकाळी साडेदहा वाजता जगाला सांगितला जाईल. काय सापडलं, ते नाही. बस्स. तेवढ्यावर सगळा देश खुळा झाला. कोणी म्हणतं दुसरा सूर्य सापडला. कोणी म्हणतं तिकडून उत्तर आलं. आपण विचारलं काय होतं, ते कोणी सांगत नाही. बसस्टँडवरचा पानवाला ठामपणे सांगतो की परग्रहवाले उतरणार ते नवा रायपूरलाच, एवढी मोकळी जागा दुसरीकडे आहे कुठे?

आमचे प्रमुख दिवाकर सर. त्यांनी फोनवर एक पुठ्ठा चिकटवला आहे: "चौदा तारखेला कळेल." मी एवढंच बोलायचं. आज सत्याऐंशी वेळा बोलले.

९ फेब्रुवारी

सकाळी चहा पिताना राधिकाने माझा हात ओढून पोटावर ठेवला. बाळाने अशी सणसणीत लाथ मारली की माझा चहा सांडला. शिशिर म्हणाला, पोट्टा फुटबॉलवाला आहे. राधिका म्हणाली, पोट्टी आहे, मावशीवर गेली. मी फार हसले.

ऑफिसात दिवसभर फोन. चारच्या सुमारास अभनपूरकडच्या एका म्हातारीचा आला. नातसून पोटुशी आहे, चौदा तारखेचं सूतक पाळायचं का? ग्रहणाआधीच्या वेधांना इकडे सूतक म्हणतात. मी पुठ्ठ्यावरचं वाक्य म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. पाचव्यांदा माझं डोकं फिरलं आणि मी म्हणून गेले की हो अम्मा, कडक पाळा, घोषणा होईपर्यंत पाळा, पोटुशीला एका जागी बसवून ठेवा. म्हातारीने मला भरभरून आशीर्वाद दिले. मला जराशी लाज वाटली, पण जराशीच.

११ फेब्रुवारी

म्हातारीच्या घरात कोणीतरी तो फोन रेकॉर्ड केला होता. आज माझा आवाज अख्ख्या रायपूरच्या मोबाइलवर आहे. खाली लिहिलंय, तारांगणाची अधिकृत सूचना.

काकूंनी आवाज ओळखला आणि शेजारणींना बोलावून ऐकवला. मी शपथेवर सांगितलं की ती थट्टा होती. काकू म्हणाल्या, सरकारी फोनवर कोणी मजाक करते का, बेटा? दिवाकर सरांकडे गेले, म्हटलं, खुलासा काढा. ते म्हणाले की खुलासा केला की लोकांना जास्तच खरं वाटतं. पुठ्ठ्यावरचं बोलत राहा. मी बोलत राहिले. चूक माझी होती, आणि ती दुरुस्त करायला मी पुढे काहीही केलं नाही.

१३ फेब्रुवारी

काकूंनी पाण्याच्या पिंपात, लोणच्याच्या बरणीत, दुधात तुळशीची पानं टाकून ठेवली आहेत. पंचांग काढून बसल्या होत्या. ग्रहण असलं की त्यात स्पर्श किती वाजता आणि मोक्ष किती वाजता हे मिनिटामिनिटाने छापलेलं असतं. याचं काहीच नाही. मग त्यांनी स्वतःच ठरवलं: सूर्योदयाला बसायचं, घोषणा झाली की उठायचं, आंघोळ, मग जेवण.

राधिकाला मी सांगितलं, उगाच बसू नकोस. तिचा विश्वास नाही, पण सासूचं मन मोडायचं नाही. एका दिवसाचं त आहे ताई, सासरच्या बोलीत म्हणाली, बसतो अन् उठतो.

१४ फेब्रुवारी

रस्त्यावर शिट्टी मारली असती तर पार तेलीबांधा तलावापर्यंत ऐकू गेली असती. बसमध्ये मी आणि ड्रायव्हर. दुकानं उघडी, पण दुकानदार आत स्टुलावर बसलेले, हात मांडीवर.

साडेदहाला पाच मिनिटं असताना ऑफिसच्या पडद्यावर एक ओळ आली. घोषणा पुढे ढकलली आहे, नवी तारीख कळवली जाईल. मला वाटलं, आता फोन घणघणतील. एकही आला नाही.

दुपारी घरी पोचले. राधिका देवघरासमोर पाटावर, पाय दुमडून. मी म्हटलं, ऊठ, रद्द झालं. तिने शांतपणे विचारलं, रद्द की पुढे? मी म्हटलं, पुढे. ती म्हणाली, मंग वेध कसे सुटले?

१५ फेब्रुवारी

उठली नाही. भूक नाही म्हणते. थकवा नाही. पायाला मुंग्या येतात का विचारलं, तर म्हणाली, पाय कुठे आहेत ते लक्षात नाही राहून राहिलं. काकू तिच्या शेजारी तशाच. शिशिर ड्युटीवरून आला, बूट काढले, कोणाला काही न विचारता तिसरा पाट घेतला.

मी वरणभात केला आणि तिच्या तोंडाशी घास नेला. तिने ओठ उघडले नाहीत. रागही नाही, हट्टही नाही, नुसते मिटलेले ओठ. घास मीच खायला हवा होता. ताटात ठेवून दिला.

१६ फेब्रुवारी

समता कॉलनीतल्या डॉक्टरबाईंकडे गेले, राधिकाला त्याच बघतात. दवाखान्यात आठ बायका बाकावर, आतमध्ये डॉक्टरबाई खुर्चीत. स्टेथोस्कोप कानातच. मी पाया पडले, म्हटलं, माझ्या बहिणीचं मूल जाईल हो. त्यांनी ऐकून घेतलं. बैठिए दीदी, म्हणाल्या, बस होने ही वाला है.

चालत परत आले. कालच्या भाताच्या ताटाशी मुंग्यांची रांग होती. रांग थांबलेली होती. मेल्या नव्हत्या. फुंकर मारली तेव्हा दोन-तीन पावलं सरकल्या आणि पुन्हा थांबल्या. पेरूवर पोपट बसलेत, चोच फळाला लावलेली. खात नाहीत.

मला ओरडावंसं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

१८ फेब्रुवारी

ऑफिसला गेले. कशाला गेले, सांगता येत नाही. बस रस्त्यातच उभी होती, दार उघडं, ड्रायव्हर स्टीअरिंगवर हात ठेवून. मी बराच वेळ चालले.

दिवाकर सर घुमटाखाली, प्लास्टिक गुंडाळलेल्या खुर्चीवर. त्यांना म्हटलं की मंडळाकडून काही कळलं का? तिकडेही फोन कोणी उचलत नाही, म्हणाले. तेही वाट पाहताहेत. मी म्हटलं, सांगायचं तर त्यांनाच आहे ना! सर म्हणाले, हो ना.

मी शेजारी थोडी टेकले. किती वेळ, कळलं नाही. उठले तेव्हा बाहेरचं ऊन दुसऱ्या बाजूला गेलं होतं.

१९ फेब्रुवारी

राधिकाची नाडी मोजली. मिनिटाला एकवीस. अंग गार नाही. डोळे उघडे.

तिला सगळं सांगितलं — म्हातारी, पाच वेळा विचारलं ते, थट्टा. म्हटलं, हे वेध मीच लावलेत गं, खोटे आहेत. ती म्हणाली, तूच लावले त तूच सांगशील, सुटले म्हणून. घोषणा झाली का मले येऊन सांगजो. पण खरं सांगजो, ताई.

मग मी पोटावर हात ठेवला. खूप वेळ ठेवला. विचारलं, बाळ हलतं का? म्हणाली, चार दिवसांपासून नाही. घाबरू नको. त्याले काही झालं नाही. तो बी ऐकून राहिला.

मी हात काढला नाही. काढावासा वाटला नाही — तिथे बरं वाटत होतं. हे लिहिते आहे कारण हे वाईट आहे आणि मला कळतंय की वाईट आहे.

२० फेब्रुवारी, किंवा २१

नाडी बारा.

एकच उपाय. खोटं सांगायचं. घोषणा झाली. एक लहानसा तारा सापडला, कोणाला त्रास न देणारा. ऊठ, आंघोळ कर, जेव. ती उठली की दवाखान्यात — कुठल्या — नागपूरला. कार मी चालवीन. शिशिरच्या खिशात किल्ली आहे.

कालच सांगणार होते. पाटासमोर उभी राहिले — तोंड उघडलं — पण खरंच काय सापडलं असेल, हा विचार आला, आणि मग मी पण —

चौथा पाट कोणी मांडला?

दुपार

पाटावर बसलेली नाही. खुर्चीवर. हे वेगळं आहे.

डाव्या हाताचं काही कळत नाही. उजवा चालतो.

खोटं बोलताना मी अडखळते आणि राधिका तिथेच पकडते. म्हणून आधी लिहून काढते. लिहिलेलं फक्त वाचायचं. विचार करायचा नाही. ती समोरच आहे, सहा पावलांवर. माझ्याकडे बघते आहे. सगळेच बघताहेत.

पोटही — नाही. लिही, मीनल.

राधिका, आत्ताच जाहीर झालं. साडेदहाला. अगदी साधी गोष्ट निघाली. आता थांबायचं काही कारण नाही. बाळाला उठव. तूही ऊठ. वेध सु