हद्दीपलीकडची धाकटी

४ जानेवारी

चि. थोरलीस,
अ. उ. आ. तुझी धाकटी बहीण दुकान सोडून गेली. परगावच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासणार म्हणे, जणू आपल्याकडे काचांचा दुष्काळ होता. मी तिला एवढंच म्हटलं, की या दुकानात मालक एकच राहील. दुसऱ्याच दिवशी तिच्या जागी माणूस बसवला. तो फ्रेमी वाकड्या करतो. तिचं ना पत्र, ना निरोप. दार वाजलं की तुझे वडील उठतात. मी उठत नाही. तू लांडग्यांमागे रानात फिरतेस, तुला ठाऊक असेल. कळपात म्होरक्या एकच असतो ना? तिला तसं कळव.
लोभ आहेच, वाढवायला सध्या सवड नाही.
आई

१९ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. तुझी साक्षीदार फितूर झाली आहे. म्होरक्याची ती समजूत कुंपणातल्या लांडग्यांवरून झाली. परक्यांना एकत्र कोंडलं, की ते भांडून आपापली पायरी ठरवतात. मोकळ्या रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. मोठी भावंडं पिल्लांना भरवतात, त्यांचा छळ सोसतात. मग दोन-तीन वर्षांची झाली की एकेक जण निघतं, जोडीदार आणि स्वतःची हद्द शोधायला. आमच्या कळपातली तुटक्या कानाची नुकतीच गेली. आईने तिला हाकललं नाही, अडवलंही नाही.
संध्याकाळी आम्ही टेकडीवरून लांडग्यासारखी हाळी देतो. हसू नकोस, मला चांगली जमते. कळप उत्तर देतो, ती देत नाही. परक्या हद्दीत एकटीने आवाज काढला, तर तिथला कळप जीव घेईल. गप्प आहे म्हणजे विसरली, असं नव्हे.
माया कमी करू नकोस, दोघींवरचीही.
थोरली

२ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अ. उ. आ. म्हणजे माझं दुकान कुंपण, असंच ना? तुला शिकवलं ही माझीच चूक. वडिलांनी तुझं पत्र मुद्दाम मोठ्याने वाचलं, तेही दोनदा.
कामात लक्ष लागत नाही. उगाच रस्त्यावर जाऊन बघून येते. हाळी देणं मला जमणारं नाही. पण हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, आणि नव्या माणसाच्या हाती मी माझे डोळे देणार नाही. म्हणून जुना चष्मा आणि नंबरची चिठ्ठी तिच्या दुकानी पाठवली, गिऱ्हाईक म्हणून. तोवर वडिलांचा चष्मा लावून बिलं लिहिते.
तुटक्या कानाची दिसली का, ते आधी लिही. लोभाचं मग बघू.
आई

२० फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. चष्मा मिळाला. तू पाठवलेली चिठ्ठी पाच वर्षांपूर्वीची आहे. जुन्या नंबरवर काच घासायची नाही, हे तूच मला शिकवलंस. तेव्हा चष्मा ठेवून घेतला आहे. डोळे तपासायला गिऱ्हाइकाला स्वतः यावं लागतं. दुकान बसस्टॉपसमोरच आहे, वरची खोली माझी. ताई म्हणते, तुझा नवा माणूस फ्रेमी वाकड्या करतो. त्याला सांग, आधी गरम कर.
रस्ता ओलांडताना वडिलांचा हात धर, तुला नीट दिसणार नाही. लोभ होता तेवढाच आहे का, ते इथे येऊन सांग.
धाकटी